हातभर कठडा

मित्रांनो, मी एका जुन्या जिन्याचा कठडा आहे. जिना आता नाही. ज्या शाळेत तो होता, ती शाळाही नाही. मीही पुरता उरलेलो नाही. पिरनवाडीतल्या एका घरात भिंतीला ठोकलेला हातभर सागवानी तुकडा, एवढाच मी. मला डोळे नाहीत. मी माणसं तळव्यांवरून ओळखतो.

माझा जन्म खानापूरच्या रानातला. मला तोडून बैलगाडीत घातलं, तेव्हा गाडीवानाची आई माझ्या सालीवरून हात फिरवत गुणगुणली होती,

सागा रं, लेकरा, सोस घाव कुऱ्हाडीचा,
होशील आधार कुण्या परक्या लेकराचा.

फांद्या गेल्याचं दुःख ताजं होतं. ओवी कानावरून गेली. बेळगावात परदेशातून आलेले फादर मुलांसाठी शाळा बांधत होते. सुतारानं मला रंधा मारला, तेल पाजलं आणि दगडी जिन्याच्या कडेनं वरपर्यंत चढवलं. शाळा भरली आणि पोरांना माझा खरा उपयोग लगेच कळला. खाली यायला पायऱ्या कशाला? बसायचं माझ्यावर आणि सुटायचं! "पायांनी वर, पायांनी खाली!" फादर खालून ओरडायचे. कोण ऐकतंय? शेवटी त्यांनी माझ्या पाठीवर ओळीनं पितळेची बोंडं बसवून घेतली. घसरणं बंद झालं. पोरांनी त्या बोंडांना नाव दिलं, 'फादरचे दात'.

किती तळवे सांगू! उचगावच्या शेतकऱ्यांच्या पोरांचे खरबरीत. बोर्डिंगातल्या गोव्याकडच्या मुलांचे, घरच्या आठवणीनं घामेजलेले. वर चॅपेल होतं, तिथलं गाणं माझ्या अंगावरून खाली उतरायचं. बाहेर पाट्या मराठीत की कन्नडमध्ये यावरून भांडण पेटलं की रस्ते बंद व्हायचे. आतलं पोर मात्र कन्नडमध्ये ढकललं जायचं, मराठीत रडायचं आणि कोकणीत समजूत काढून घ्यायचं.

त्यांतलाच एक तळवा सुबरावचा. शहापूरच्या विणकराचं पोर. बापाला मागावर मदत करून यायचा, तेव्हा बोटांना सूत चिकटलेलं असायचं. जिना चढताना तो प्रत्येक बोंडावर नखानं वाजवायचा. टिण्. टिण्. शिकून तो याच शाळेत मराठीचा मास्तर झाला. तळवा रुंद झाला, खडूनं कोरडा पडला, पण ते टिण् काही सुटलं नाही. पुढं शाळा सुटल्यावर त्यांची चिमुकली दिपाली त्यांना न्यायला यायची. मुलांच्या त्या शाळेत माझ्यावरून फिरलेला मुलीचा तो एकच तळवा. "दिपा, हळू गं, दात चावतील," असं म्हणून सर तिला हसवायचे.

मग ओहोटी लागली. गावोगावच्या नव्या शाळांच्या पिवळ्या गाड्या बेळगुंदीच्या, उचगावच्या दारात उभ्या राहू लागल्या. फादरही कमी होत गेले. एका पावसाळ्यात मागची भिंत तडकली. "बघू पुढच्या वर्षी," असं म्हणणारे माझ्यावरच टेकून बोलायचे. ते पुढचं वर्ष आलं नाही. उरलेल्या मुलांना शेजारच्या मुलींच्या शाळेत बसवलं आणि आमच्या दाराला कुलूप लागलं. धूळ आली, वाळवी आली, कबुतरं आली. मी हाताची वाट बघत राहिलो. ज्याला कुणी धरत नाही, तो कसला कठडा?

शेवटी माणसं आली, ती पहारी घेऊन. इमारत पाडायची होती. आधी माझी बोंडं उचकटली. पाठीवर नुसती भोकं राहिली.

त्याच दुपारी दिपाली सरांना घेऊन आली. सरांना विसरण्याचा आजार जडला होता. आधी शब्द गेले, मग माणसं. पोटच्या लेकीला ते थोरली बहीण समजून 'आक्का' म्हणायचे. घरातून निसटले की पाय मात्र शाळेकडंच वळायचे.

"आत धोका हाय बाई," ठेकेदार मारुतीराव म्हणाले. "आणि म्हाताऱ्याला काय कळणार?"

"पायांना कळतंय की वो."

तळवा माझ्यावर टेकला. सुरकुतलेला. तरी मी ओळखला. बोटं वर सरकली आणि बोंड होतं त्या जागी, भोकावर, नखानं वाजवलं. आवाज आला नाही. खालून भरमू नावाचा गडी हसला, "सर, हजेरी घेतलासा काय? कबुतरं समदी हजर हाईत बघा!"

सर मध्येच थांबले. मागं वळून म्हणाले, "दिपा, हळू गं. दात चावतील."

भरमूचं हसू विरलं. दिपालीनं मला दोन्ही हातांनी आवळून धरलं.

सरांना खाली आणून तिनं मारुतीरावांची विनवणी केली. "अण्णा, हा कठडा मला द्या."

"समदं लाकूड बेकरीवाल्याला दिलंय. भट्टीत जाणार. तू ह्याचं काय करतीस?"

"आप्पांना माझं नाव ह्याच्यात गावलंय."

मारुतीरावांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी करवत मागवली. "हातभर घे. त्याच्या म्होरं माझ्या हातात न्हाय."

माझं बाकीचं अंग भट्टीत गेलं. त्यावर पाव भाजले असतील, कुणी चहाबरोबर खाल्ले असतील.

दिपालीनं मला भिंतीला ठोकलं. रोज सकाळी सर मला धरतात, पाऊल उचलतात. पुढं पायरी नाही. पाऊल जिथल्या तिथं परत येतं. भोकावर नख वाजवतात. आवाज नाही.

"आक्का, जिना कुठाय?"

"आप्पा, मी दिपा."

"दिपा यायची हाय," ते तिलाच समजावतात. "शाळा सुटली की येतीय मला न्यायला."

मित्रांनो, तेव्हा वाटतं, भट्टीत गेलो असतो तर बरं झालं असतं. जिन्यावाचून मी त्यांना कुठं नेणार?

परवा तिला त्यांना गच्चीवर उन्हात न्यायचं होतं. घरचा जिना दिसला की ते घाबरतात. मला घट्ट धरून उभे राहिले, सोडेनात. ती शेजारी येऊन उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आप्पा, ह्याला सोडा. मला धरा."

एकेक बोट माझ्यावरून सुटलं. जिन्यावर पावलं वाजली. एक थांबलं, दुसरं चढलं. आणि मग, टिण्. तिच्या हातातल्या पाटलीवर नख. पुन्हा टिण्. आवाज वर वर जात राहिला.

"आक्का," वरून सरांचा आवाज आला, "दात परत बसवले वाटतं गं."

पावलं पुढं चढत राहिली.

गाडीवानाच्या आईची ती आधाराची ओवी मला आता कळते, मित्रांनो. भिंतीला तडा गेला तर त्याच वर्षी सांधा, ज्याला रोज धरता त्याला अधूनमधून तेल लावा. पण लाकूड जळतं, शाळा पडते. कुणाचा हात हवेत चाचपडताना दिसला, तर आपला हात पुढं करा. तो तुम्हाला भलत्याच नावानं हाक मारेल. मारू द्या.