बुडावरची फुली

“इथे पोट भरायचं असेल तर काय मागवावं लागतं?”

विचारलं! मी हा प्रश्न वेटरला विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. वेटरची पापणीही हलली नाही. “मॅडम, आमच्याकडे लोक अनुभवासाठी येतात.”

“मग तीन अनुभव आणा,” आई म्हणाली. “त्यातला एक बिनसाखरेचा.”

माझा पंधरावा वाढदिवस होता. वर्गातल्या निम्म्या मुली या रेस्टॉरंटमध्ये फोटो काढून गेल्या होत्या, म्हणून मीच हट्ट धरला. बाबा नाही म्हणाले नाहीत. हल्ली ते कशालाच नाही म्हणत नव्हते.

माझे बाबा कपबशांच्या कारखान्यात एकवीस वर्षं कप तपासतात. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप लाकडी काडीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर पुढे. बद्द वाजला तर बुडावर पेन्सिलीने फुली, आणि तो फोडायला. डोळ्यांना न दिसणारा तडा त्यांच्या कानाला सापडतो. पण गेल्या महिन्यात नवे साहेब आले. म्हणाले, “तुम्ही फार माल बाद करता. कान गेले तुमचे. पॅकिंगला जा, सोमवारी काय ते सांगा.” आणि बाबा हो म्हणणार होते. त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली होती. घरातली वाटी वाजवून बघायचे आणि आईला विचारायचे, “तुला कशी वाटते गं?”

आधी रिकामे कप आले. बाबांचं नख आपोआप पुढे गेलं. टिचकी. मग आईच्या कपाला. मग माझ्या.

“बाबा, प्लीज! लोक बघतायत.”

“तिन्ही बद्द आहेत,” ते हळूच म्हणाले. “का मलाच तसं ऐकू येतंय?”

मी मेनूकार्डात तोंड लपवलं. (हे लिहायला लाज वाटते, पण लपवलं.)

मग खाण्याचा तिमजली स्टँड आला. सँडविचेस पोस्टाच्या तिकिटाएवढी. केक इतका कोरडा की घास घशातच मुक्कामाला थांबला. आणि चहा कोमट.

“हा चहा आहे की चहाची आठवण?” आईने वेटरला विचारलं. “जरा गरम आणा हो.”

वेटरऐवजी मॅनेजर आला. कोट, टाय, गोड हसू. “आमच्याकडे चहा याच तापमानाला देतात.”

“कपांमुळे का?” बाबांनी विचारलं. “तडे आहेत यांना.”

“काका, ही हस्तकला आहे.” त्याने शेजारच्या टेबलावरचा रिकामा कप उचलून उलटा केला. “बघा, प्रत्येक कपावर कलाकाराची सही असते.”

बुडाच्या खरखरीत कडेवर पेन्सिलीची बारीक फुली होती. एक रेघ लांब, एक आखूड.

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

“ही सही माझी आहे,” ते म्हणाले. “हे कप मी फोडायला दिले होते. कोणीतरी ते विकले तुम्हाला.”

मॅनेजर हसला. आजूबाजूचेही हसले. बाबांचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. “उकळतं पाणी आणा.”

पाणी आलं. बाबांनी आम्हाला खुर्च्या मागे घ्यायला लावल्या आणि तोच कप बशीत ठेवून त्यात किटली वाकडी केली.

टक्.

कपाची दोन शकलं बशीत आडवी पडली, आणि पाणी टेबलक्लॉथवरून थेट मॅनेजरच्या बुटांवर! शेजारच्या टेबलावरच्या बाईने आपल्या चिमुरडीच्या हातातला कप झटकन काढून घेतला.

मॅनेजर बूट झटकत मागे सरला. वेटरच मांडणीतले सगळे कप ट्रेमध्ये घेऊन आला. “काका, एवढे बघता का?”

बाबांनी बाह्या वर केल्या. चमचा उलटा धरला आणि वाजवायला लागले. बद्द. बद्द. खणखणीत. बद्द. अख्खं रेस्टॉरंट ऐकत होतं. तिसऱ्या कपानंतर मलाही फरक कळायला लागला. मी खुर्चीवर उभी राहून ओरडणार होते, “हे माझे बाबा आहेत!” ओरडले नाही. पण समोरच्या आजोबांनी सहज माझ्याकडे बघितलं, तर त्यांना सांगितलंच.

बाहेर पडलो तेव्हा बाबा इतके झपाझप चालत होते की आईला धावावं लागत होतं. “सोमवारी सांगतो साहेबांना,” ते म्हणाले. “पॅकिंगला जाणार नाही.”

“सांगाल ना नक्की? अहो, तुमचा स्वभाव मला माहितीये. साहेबांसमोर उभे राहिलात की मान आपोआप हलते तुमची.”

बाबांची पावलं मात्र हळू झाली.

मी पुढे जाऊन दोघांच्या वाटेत उभी राहिले.

“सोमवारी मी शाळेत जाणार नाही. बाबांबरोबर कारखान्यात जाणार आहे, साहेबांच्या टेबलापर्यंत. गणिताची चाचणी बुडेल. बुडू दे.”