येतानाचं अंतर

जाताना डोंबिवली ते मस्कत पंधराशे साठ किलोमीटर असतं आणि येताना जास्त भरतं. गेल्या वर्षी दीडशेने जास्त भरलं होतं, मी चालवून घेतलं. या खेपेला विमान उडालं तेव्हाच माझ्यासमोरच्या पडद्यावर चार हजार दोनशे होते. शेजारच्या म्हाप्रळकर काकांच्या पडद्यावर पंधराशे साठच.

मी हवाई सुंदरीला बोलावलं. "माझा पडदा बिघडलाय."

"नाही मॅडम. जाताना सगळ्यांचं सारखंच असतं. येताना ज्याचं त्याचं." तिने माझा उजवा तळहात उघडून पाहिला. "निघताना दही कुणी घातलं होतं?"

"मिस्टरांनी."

"खाल्लंत?"

खाल्लं कसलं! आमच्याकडे निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात, माणूस सुखरूप परत यावा म्हणून. त्या दिवशी खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. शिरीषने वाटीतला चमचा काढून माझ्या तळहातावर टेकवला. चमचा रिकामा होता. मला दिसलं होतं. ऐन निघताना कटकट नको म्हणून मी कोरडा हात चाटला आणि "येते" म्हणाले. तो हसलासुद्धा. नऊ वर्षं परक्या मुलखात नर्सची नोकरी करून मी ते घर उभं केलं आणि या माणसाला चमचाभर दही जड झालं. अजून संताप होतो माझा.

काकांचा आकडा शून्यावर आला. त्यांनी पट्टा सोडला, पिशवी घेतली. "उतरतो हं, सूनबाई जेवायची थांबली असेल," म्हणाले आणि दार उघडून बाहेर पडले. मग एकेक करून सगळेच उतरले. विमान कुठे थांबलं नाही.

माझा आकडा पाच हजारांवर गेला तेव्हा खाली आमची सोसायटी आली. विमानाची चाकं गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांना घासत होती.

"थांबवा! हेच माझं घर!"

"हो, हेच," हवाई सुंदरी म्हणाली. "अजून सहा हजार आहे."

गॅलरीत शिरीष उभा होता. त्याच्यासमोर माझी मोरपंखी साडी नेसलेली एक बाई, पायाशी तिची बॅग. त्याने वाटी तळापासून खरवडली आणि चमचा शिगोशीग भरून तिच्या हातावर घातला.

"लवकर ये गं," तो म्हणाला. मला कधी म्हणाला नव्हता.

मीही तळहात खिडकीच्या काचेला लावला. शिरीषने वर पाहिलं, मला ओळखलं, आणि वाटी उपडी करून दाखवली.