देणाऱ्याचं नाव

मित्रांनो, माझं तोंड मोठं आहे, हे आधीच मान्य करतो. मी एक जुना भोंगा आहे. रिक्षाच्या टपावर बांधतात ना, तसला, अ‍ॅल्युमिनियमचा, कडेला पोचा आलेला. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या ढिगावर आहे. मी कुणाचं काही चोरलं नाही. मी एक नाव मोठ्यानं सांगितलं, एवढाच माझा गुन्हा.

जन्माचं म्हणाल तर पत्र्याची चकती फिरत्या साच्यावर दाबून मला आकार दिला, एवढंच आठवतं. दुखलं होतं. पुढे जालन्याच्या एका दुकानात मी धूळ खात पडलो होतो. तिथून अलीमनं मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर ठेवून जाफराबाद रस्त्यावरच्या निंबोळा बाजार या आमच्या गावी आणलं. कंडक्टरनं माझंही तिकीट मागितलं, तेव्हा अलीम म्हणाला होता, "याला जागा कुठं लागली? मीच याच्याखाली बसलोय." अलीम तेव्हा तरणाबांड होता. आवाज असा खणखणीत, की माझ्याशिवायही बाजारतळ ओलांडून जायचा. पण गळा एकच असतो, तो जपावा लागतो, म्हणून मी.

आम्ही दोघांनी काय काय सांगितलं नाही! हरवलेली म्हैस, साड्यांचा सेल, पोलिओचा डोस, कुणाची मय्यत, कुणाचा हरिनाम सप्ताह. ज्यानं पैसे दिले त्याचं बोललो. भाड्याचं तोंड म्हणून लोक हसायचे आणि मला त्याचा राग येत नसे, कारण ते खरंच होतं. पण अलीमची एक रीत होती, त्याच्या उस्तादानं घालून दिलेली. दवंडीच्या शेवटी देणाऱ्याचं नाव घ्यायचं. "ही दवंडी देणार अमुक अमुक." नाव सांगायला जो कचरेल, त्याची दवंडी घ्यायचीच नाही. एकदा एका दुकानदारानं शेजारच्याच्या तेलात भेसळ आहे असं सांगायला दुप्पट पैसे देऊ केले. अलीम म्हणाला, "बोलतो ना. शेवटी तुमचं नाव बोलतो." दुकानदार गुपचूप निघून गेला.

निवडणुकीत तर आमचा थाट असायचा. रिक्षाच्या काचेवर परवाना चिकटवलेला, माझं भाडं उमेदवाराच्या खर्चात लावलेलं. रस्त्यावरचं शेंबडं पोरही सांगू शकायचं की आज भोंगा कुणाचा आहे.

मग घरोघरी मोबाइल आले. बातम्या खिशात वाजू लागल्या आणि आमच्याकडे फक्त मय्यत आणि म्हशी उरल्या. मला पुसायचं अलीम विसरू लागला. त्याला मी दोष देत नाही. ज्या हातांना काम नसतं त्यांना कशाचीच आठवण राहत नाही.

गावात मोबाइलवर एक पेज सुरू झालं, 'निंबोळा जागर'. आमदार गुणवंतराव कुठे गेले, कसे हसले, कुणाच्या लग्नात जेवले, सगळं त्यावर यायचं. त्यांच्या विरोधात कुणी ब्र काढला की त्याची धुलाईही यायची. खाली नाव नाही, गाव नाही.

अलीमची मुलगी आसिफा शिवणकाम करते. दवाखान्याला डॉक्टर मिळावा म्हणून ती बायका घेऊन तहसीलवर गेली. दुसऱ्याच दिवशी 'जागर'वर तिच्या नव्या शिलाई मशीनचा फोटो. खाली लिहिलेलं, 'आंदोलनाचे पैसे कुठून येतात, ते ओळखा.' ती मशीन तिनं भिशीच्या पैशांतून घेतली होती. भिशीतल्या बायकांना हे ठाऊक होतं, तरी त्या हळूहळू येईनाशा झाल्या. एकीनं बेतलेला ब्लाउज तसाच परत नेला. नंतर भिशीही मोडली. आसिफा बापाला म्हणाली, "अब्बा, मला भांडायचं न्हाई. मला फक्त कळलं पाह्यजे, लिहिलं कोणी आन् पैसे कोणी दिले."

 अलीमनं तिच्या मशीनला तेल घातलं.

अशात बातमी आली की मुंबईत एक विधेयक येतंय. पैसे घेऊन इंटरनेटवर राजकारणाचं लिहिणाऱ्यानं सरकारकडे नाव नोंदवायचं. आमदार ते लोकांना समजावून सांगणार होते आणि लोकांनी प्रश्न विचारायचे होते. बाजारतळावर सभा ठरली. दवंडीसाठी आमच्याकडे आला रजत, शिवनारायण शेटचा नातू. गोड बोलणारा पोरगा.

"चाचा, गावभर फिरवा. जागृत नागरिक मंचाची सभा म्हणून सांगा."

"मंचाचा माणूस कोन?" अलीमनं विचारलं. "शेवटी नाव लागतं, बेटा."

रजत हसला. "मंच कशाचा? खर्चा आमदारसाहेबांच्या हापिसातून आलाय. आमच्या पेजचाबी तिथूनच येतो. पण ते बोलायचं नसतं."

अलीमचा हात थांबला. "पेज? 'जागर' तू चालवतो?"

रजतला आपण काय बोललो हे कळलं, पण तो बिथरला नाही. त्याच्या लेखी अलीम त्याच्याच धंद्यातला जुना माणूस होता. "ताईचं मनावर घेऊ नका, चाचा. मजकूर वरून येतो, आपन टाकतो. तुमीबी दिलेलंच बोलता ना?"

"बोलतो," अलीम म्हणाला. "पन देनाऱ्याचं नाव बी बोलतो."

त्यानं पैसे घेतले नाहीत. परवानगी काढली, पदरचं डिझेल घातलं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावभर फिरला. दर चौकात शेवटी म्हणाला, "ही दवंडी देणार, अलीम भोंगेवाला." आसिफा सभेत प्रश्न विचारणार होती. रजतचं बोलणं त्यानं तिला सांगितलं नव्हतं; उत्तर साहेबांनीच चारचौघांत द्यावं आणि ते ऐकायला लोक जमावेत, एवढंच त्याच्या मनात होतं. मला त्यानं त्या दिवशी पुसलंही होतं. इतक्या वर्षांत मी एवढं मनापासून कधी वाजलो नव्हतो.

सभेला बाजारतळ भरला. मांडवात मोठे स्पीकर होते, आमची रिक्षा कडेला उभी होती. गुणवंतराव छान बोलले. "आडोशानं दगड मारणाऱ्यांना या विधेयकानं चाप बसेल," असं म्हणाले. टाळ्या झाल्या. मग माईक लोकांत फिरू लागला.

संघपाल नावाचा तरुण उभा राहिला. तो एसटीच्या वेळा आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांचे फोटो स्वतःच्या नावानं टाकतो. "साहेब, माझ्या पानावर एका रसवंतीची जाहिरात असते. मी पैसे घेणारा झालो का?"

"झालात. नोंदणी करून टाका," आमदार म्हणाले.

"आन् जो पैसे देतो, त्याची नोंदणी?"

"सूचना चांगली आहे. सभागृहात मांडू."

भाजी विकणाऱ्या द्वारकाबाईंनी बसूनच विचारलं, "एखाद्यानं लिहून दिलं, का मी पैसे घेत न्हाई, मंग?"

"मग नोंदणी लागणार नाही, मावशी."

"आन् खोटं लिहून दिलं तर कोन बघनार?"

"समिती बघेल."

"समिती कोनाची?"

"शासनाची."

"म्हंजी तुमचीच," द्वारकाबाई म्हणाल्या आणि बाजारतळ खो खो हसला. आमदारही हसले. हसणं त्यांना चांगलं जमतं.

मग आसिफा उठली.  तिनं मशीनचं सांगितलं, भिशीचं सांगितलं. "ते लिहिलं कोणी आन् पैसे कोणी दिले, एवढंच सांगा. या कायद्यानं मला ते कळंल का?"

"ताई, तुमच्याबद्दल मला सहानुभूती आहे," गुणवंतराव म्हणाले. "पण कायदा मागच्याला लागू होत नसतो. पुढे पुन्हा कुणी लिहिलं, तर जरूर बघू."

"म्हंजी अजून एकदा बदनामी होऊ द्यायची का?"

माईक तिच्या हातातून कुणीतरी काढून घेतला. पुढचा प्रश्न, पुढचा प्रश्न, अशी घाई झाली. रजत व्यासपीठाजवळ उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता. आसिफा उभीच राहिली. खाली बसायचं तिला सुचलंच नाही.

तेव्हा अलीमनं माझं बटण दाबलं.

"ऐका हो ऐका. 'निंबोळा जागर' हे पेज चालवतो शिवनारायण शेटचा नातू रजत. त्याचा खर्चा येतो आमदार गुणवंतरावांच्या हापिसातून. हे मला रजतनं स्वतः सांगितलं. ही दवंडी देणार, आसिफाचा बाप अलीम भोंगेवाला."

मित्रांनो, काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! शिट्ट्या झाल्या. संघपालनं तर टोपी उडवली. आसिफानं पदरात तोंड लपवलं, ती रडत होती, आणि मला वाटलं, चला, जन्माचं सार्थक झालं. भोंग्याला अक्कल कमी असते, ती अशी.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. दवंडीची परवानगी सभेच्या आदल्या संध्याकाळीच संपली होती. सभेतली परवानगी मांडवातल्या स्पीकरची होती, रिक्षावरच्या भोंग्याची नव्हती. म्हणजे मी बेकायदा बोललो. मला टपावरून सोडवून इथे आणलं. त्याच दिवशी 'जागर'वर माझा फोटो झळकला, 'भाड्याचा भोंगा कुणाच्या इशाऱ्यावर?' त्याला कसलीच परवानगी लागली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी संन्यासी नाही, पण फाशी मात्र बरोबर मिळाली.

मी ठाण्याच्या खिडकीखालीच पडलो आहे, त्यामुळे पुढचं सगळं कानांवर पडलं. आसिफा 'जागर'विरुद्ध तक्रार द्यायला आली. ठाणेदार वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली.

"रजत म्हणतो, तो असं काही बोललाच न्हाई. तुमचे वडील म्हणतात, बोलला. बापाच्या शब्दावर कसं चालंल? सभेत रजत तिथंच उभा होता. नाव घेतल्यावर तो न्हाई म्हणाला का, हे सांगणारा कुणी हवा. चार माणसं आणा. अख्खा बाजारतळ होता ना तिथं?"

रजत खरंच नाही म्हणाला नव्हता. मोबाइल खिशात घालून तो मान खाली घालून मांडवाबाहेर गेला होता. सगळ्यांनी पाहिलं होतं.

आसिफा संघपालला घेऊन आली. तो दारातूनच म्हणाला, "ताई, कायदा झाला की मला नोंदणी करावी लागंल. पोलिसात नाव गेलं तर तिथं अडवतील. मी आवाज ऐकला व्हता, शब्द नीट न्हाई ऐकले." द्वारकाबाई तर ठाण्यापर्यंत आल्याच नाहीत. आसिफा सांगत होती, की त्यांच्या सुनेचा अंगणवाडीतल्या नोकरीचा अर्ज आमदारांच्या शिफारशीला गेलाय. "माझं नाव नको घालू, माय," एवढंच त्या म्हणाल्या आणि तिला मेथीची जुडी देऊ लागल्या. बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले. त्या सभेचा व्हिडिओ, ज्यात रजत कुठंच दिसत नाही, तो मात्र सगळ्यांनी एकमेकांना पाठवला. खाली नाव न लिहिता.

ठाणेदारानं उसासा टाकला. "कोणी आलं तर या," म्हणाला.

ते विधेयक अजून मुंबईत आहे. कधी मंजूर होईल ते मला ठाऊक नाही. अलीम अधूनमधून दंड भरायला म्हणून येतो, साहेब नाहीत असं ऐकून परत जातो. जाताना माझ्यावर हात ठेवतो. त्याचा आवाज बसलाय.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं अशा गोष्टीच्या शेवटी सांगायचं असतं. माझी नका राखू. मी काळवंडलो तर काळवंडू द्या. पण त्या दिवशी बाजारतळावर तुमच्यापैकी कुणाचे आईबाप होते, कुणाचे काका होते, कुणाची मावशी पुढच्याच रांगेत बसली होती. सगळ्यांना दुसऱ्याचं नाव ऐकायचं होतं. आज घरी गेलात की त्यांना विचारा, तुम्ही तिथं होतात ना? हो म्हणाले, तर त्यांचा हात धरून ठाण्यात घेऊन या. आसिफा दर बाजारच्या दिवशी येऊन खिडकीजवळ बसते. ठाणेदार तिला कुणी आलं का म्हणून विचारतो आणि ती न्हाई म्हणते.