चहात बुडवलेला हात

"हेमाली, आज तुजा आवाज खाली ठेव," आवडाबाईनं सकाळपासून नातीच्या मागे धोशा लावला होता. "डोंबिवलीची मान्सं हलू बोलतात."

हेमालीनं मान डोलावली. आवाज म्हणाल तर तिचा असा, की बाळकुम गावातल्या घरातून हाक मारली तर खाडीवरचा माणूस वळून बघेल. बाप नाथा होडीवर, आजी बाजारात मासळी घेऊन. हळू बोलून या घरात कुणाचं पोट भरलंय? पण आज प्रश्न साकेतचा होता. त्यांचं दोघांचं कॉलेजपासून ठरलेलं, फक्त त्याच्या आईचं, विमलाबाईंचं, मन काही केल्या वळत नव्हतं. "जेलीफिशच्या विषावर एमएस्सी करते म्हणे! हे काय शिक्षण झालं?" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि साकेतनं ते गाढवासारखं हेमालीला सांगूनही टाकलं होतं. कशाबशा आज घर बघायला यायला त्या तयार झाल्या होत्या. आज बिनसलं की संपलं.

रिक्षातून विमलाबाई उतरल्या त्या परीक्षेच्या हॉलवर नजर ठेवणाऱ्या बाईंसारख्या. मागून साकेत, हातात मिठाईचा पुडा. आणि सगळ्यात शेवटी त्याचे वडील उत्तमराव, डोंबिवलीतले टेलर. अगदी देवमाणूस, पण बायकोसमोर तोंडातून शब्द काढतील तर शपथ.

हेमाली आत चहाला गेली. चांगलं मोठं पातेलं भरून आलं घालून चहा उकळला, त्यातला थोडा थर्मासमध्ये ओतला, आणि नेमका गॅस संपला. मेल्याला हाच मुहूर्त सापडला होता! असो, चहा तर झाला होता.

बाहेर पडवीत उत्तनला समुद्रावर मासेमारी करणाऱ्या चुलत्यांनी शिवायला पाठवलेलं जाळं पडलं होतं, अजून ओलंच. उत्तमराव त्याच्यापाशी कौतुकानं वाकले. तिथं त्यांना एक सुटलेला निळा धागा दिसला. आता जन्मभर कपडे शिवलेल्या माणसाला सुटलेला धागा बघवतो होय? सवयीनं त्यांनी तो बोटाला दोन वेढे देऊन गुंडाळला, तोडायला झटका मारला, आणि असे बोंबलले की समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं आली.

तो धागा नव्हताच. जाळ्यात अडकून मेलेल्या निळ्या जेलीफिशची ती सोंड होती, आणि जेलीफिश मेली तरी तिची सोंड डंखते.

मग काय विचारता! साकेतनं पाण्याची बाटली उघडली. आवडाबाई भांडी घासायची राख घेऊन धावली. विमलाबाईंनी पर्समधून बाम काढून नवऱ्याचा हात धरला आणि चोळायला अंगठा टेकवला, तोच दारातून आवाज आला.

"चोळू नका! काकू, हात सोडा त्यांचा! साकेत, बाटली खाली! आजी, राख टाक ती!"

साकेतनं बाटली खाली ठेवली. विमलाबाईंच्या हातातून बाम पडला. आवडाबाईनं कपाळाला हात लावला. गेली सोयरीक, तिला वाटलं, आणि तिला रडूच आलं.

हेमालीच्याही मनात तेच आलं. पण समोर माणूस तळमळत होता, तिथं सासू बघत बसणार होय? "काका, छातीत दाटतंय का? श्वास नीट येतोय?" उत्तमरावांनी मान हलवली. श्वास ठीक होता, आग मात्र जीवघेणी. तिनं चिमट्यानं निळे तुकडे एकेक उचलून काढले, मीठ कालवलेल्या पाण्यानं हात धुतला.

"व्हिनेगर लावायचं ना?" साकेत मोबाईलमधून वर न बघता म्हणाला.

"ते दुसऱ्या जातीला. हिला नको. हिला गरम पाणी!" ती म्हणाली, आणि तिला संपलेला गॅस आठवला. मग आत गेली आणि चहाचं पातेलंच उचलून आणलं.

"अगं, पाव्हन्यांचा चा!" आवडाबाई ओरडली.

"पाहुण्यांनाच देतेय!"

तिनं त्यात गार पाणी ओतलं, आपला हात घालून बघितला. विमलाबाई इतका वेळ एका बाजूला उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, पदर खोचला आणि कोपर चहात बुडवलं, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं.

"अजून कढत आहे. पोळेल त्यांना."

"सोसवेल इतकं कढतच हवं, काकू. त्या सोंडेवर विषाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. चोळलं, साधं गार पाणी लागलं की उरलेल्याही फुटतात. पण विष उष्णतेनं मोडतं. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होतं का? तसंच मोडलेलं विष."

विमलाबाईंनी अजून थोडं पाणी घातलं, पुन्हा कोपर बुडवलं, आणि नवऱ्याचा हात स्वतः चहात धरला. चहा निवत आला की हेमाली त्यांचा हात बाजूला घेऊन थर्मासमधला ओतायची, विमलाबाई कोपर लावायच्या. वीसेक मिनिटांनी उत्तमरावांचा चेहरा सैल झाला. त्यांनी बोटं हलवून बघितली.

"गेलं की गं! आलं जरा जास्त झालंय, पण गेलं."

तेवढ्यात होडीवरून आलेल्या नाथानं त्यांना तपासून आणायला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि आधी काय केलं ते विचारलं. चहाचं ऐकून हसले, पण बरोबर केलंत म्हणाले.

परत आल्यावर निघायची वेळ झाली. आवडाबाई मेल्याहून मेल्यासारखी दारात उभी. "घोटभर चा पन नाय झाला हो तुमाला. आनि पोरीचं मनावर घेऊ नका, आवाजच तसा हाय तिचा."

विमलाबाईंनी चप्पल घालता घालता मागे वळून बघितलं.

"हेमाली, आमच्याकडे बापलेक दोघंही माझं ऐकत नाहीत. मी लग्नापासून ओरडतेय. आज तू एकदा ओरडलीस आणि दोघांनी ऐकलं." त्यांनी तिचा हात धरला. "मीसुद्धा ऐकलं. आवाज असाच ठेव गं बाई, मला सोबत होईल. साखरपुडा कुठे करायचा ते तुझ्या बाबांना विचार."

आवडाबाई घरात वळली आणि असं ओरडली की रिक्षावालासुद्धा दचकला.

"नाथाऽऽ! अरे, साखर आन! पोरीचं ठरलं रे!"