पिशवीतला सेहरा

माझ्या मुलीचा मला इतका राग आला होता, की समोर असती तर भर विमानात एक ठेवून दिली असती. पण ती पुढे बंद दाराआड विमान चालवत होती आणि मी तिसऱ्या रांगेत पट्टा बांधून बसले होते.

त्याच संध्याकाळी आमच्या धाकट्या लेकाचा, वाजिदचा निकाह होता. नवरी किकवीची. भोरहून वरात निघायची, पण आमच्या घरात मोठ्या बहिणीने कपाळाला फुलांचा सेहरा बांधल्याशिवाय नवरदेव उंबरा ओलांडत नाही. आणि मोठी बहीण म्हणजे ही नुजहत, विमानाची कॅप्टन. रजा मिळाली तीही या फेरीनंतरची. सेहरा घ्यायला मी तिच्याकडे दिल्लीला गेले होते, म्हणून तिच्याच विमानाने परत निघाले. सेहरा पायाशी पिशवीत होता.

पुणं जवळ आलं तसं खिडकीबाहेर काळंकुट्ट झालं. विमानाला असे हिसके बसले की मी कलमा पढायला लागले. मग नुजहतचा आवाज आला. पुण्यावर वादळ आहे, घिरट्या घालत वाट पाहू. वाट पाहिली. पुन्हा आवाज आला, आपण हैदराबादला जातोय. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

तिथे विमान थांबल्या थांबल्या मी जागेवरूनच भोरला फोन लावला. नवऱ्याने लगेच उचलला.

"अगं, कसलं वादळ? हितं कडक ऊन पडलंय! विंझरच्या गेनबाला इचारलं, भाटघरला इचारलं, कुठं टिपूस न्हाई. पोरीला म्हणावं, खुशाल ये."

"मग तुमीच या की विमान चालवायला!" म्हणून मी फोन ठेवला. मनात मात्र मलाही तेच वाटत होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मोबाईल नाचवत उठला. "आपल्या पुढचं विमान पुण्यात उतरलंय! यांनाच तेवढी भीती वाटली?" मग सगळेच ओरडायला लागले.

नुजहत दार उघडून बाहेर आली. "त्यांना वाट मिळाली असेल. मी पोचले तेव्हा ढग धावपट्टीच्या तोंडावर होता. परतायचं मी ठरवलं. वादळ सरकलं की निघू."

"तुमचं काय जातंय? कामं आमची बुडाली!" तो गृहस्थ म्हणाला.

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. पोरीला मी शंभर शिव्या देईन, पण दुसऱ्याने का द्याव्यात? मी उभी राहिले आणि सेहरा पिशवीतून बाहेर काढला.

"तिचं काय जातंय? दादा, आज तिच्या सख्ख्या भावाचा निकाह हाय. तिनं ह्यो बांधल्याबिगर पोरगा घरातनं निघणार न्हाई. म्या तिची आई. मला बी तिचा लई राग आलाय!"

गृहस्थाने मोबाईल खिशात घातला.

"अम्मी, बस," नुजहत म्हणाली. मी बसले. गृहस्थही बसला.

पुण्यात उतरलो तेव्हा धावपट्टी ओली होती आणि ढगाखालून तिरकं ऊन आलं होतं. चाकं टेकली तसा माझा जीव भांड्यात पडला. त्याच गृहस्थाने दारापर्यंत माझी पिशवी आणून दिली. "पळा मावशी, लगीन खोळंबलंय."

गाडीत मी तिला विचारलं, "खरं सांग, जमलं नसतं का गं?"

"जमलंही असतं. शेजारचा सहवैमानिक म्हणाला, एकदा उतरून बघू. आणि मला घरी यायची इतकी घाई झाली होती, अम्मी, की ढगात फट दिसायला लागली. मग मनात आलं, आज वाजिदचं लग्न नसतं तर ही फट मला दिसली असती का?"

"मग?"

"नसती दिसली. म्हणून वळले."

मी तिचा हात घट्ट धरला. मागे बसलेले सगळे प्रवासी आठवले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

भोरला वाजिद शेरवानी घालून उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसला होता. अंगणात वऱ्हाडी ताटकळले होते. "मघाशी पाच मिन्टं हितं बी गारा पडल्या," वाजिदचे अब्बा नुजहतकडे न बघता पुटपुटले.

नुजहत गणवेशातच सेहरा बांधायला लागली. पहिली गाठ सुटली.

"ऱ्हाऊ दे, म्या बांधते," मी म्हणाले.

"नको अम्मी. हेही माझंच काम."

दुसऱ्यांदा गाठ बसली. वाजिदने उंबरा ओलांडला आणि नुजहत माझ्या गळ्यात पडून रडली.