फौजदार आणि निळं औषध

बाजारात मला भोंगा म्हणायचे. भाजीचा लिलाव पुकारणं हा माझा धंदा. कोमेजलेला पालक मी "आत्ता खुडलाय" म्हणून असा काही पुकारायचो की पिकवणाऱ्यालाही घटकाभर खरं वाटावं. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. अशाच एका सकाळी वांग्यांची बोली चढत असताना तोंड वाकडं झालं, उजवा हात गळाला आणि शब्द गेले. सगळेच गेले. साधं "नको" म्हणण्यापुरता एकसुद्धा उरला नाही.

डोकं मात्र शाबूत आहे, हीच तर पंचाईत. मान हलवायला जावं तर होच्या जागी नाही होतं, डाव्या हाताने लिहायला जावं तर नुसत्या रेघोट्या, म्हणून बायकोने मला विचारणंच सोडलं. वर हे नवं खूळ. कशावरही डोळ्यांना धारा लागतात, साबणाची जाहिरात लागली तरी. कधी कारण नसताना हसू फुटतं. डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलंय की हा मेंदूतला बिघाड आहे, त्याचा यांच्या मनाशी संबंध जोडू नका. कधी जोडायचा, ते काही त्या शहाण्याने सांगितलं नाही.

एक मात्र बायकोला न सांगता कळलं. रोज सकाळी ती माझी खुर्ची माशांच्या टाकीसमोर आणून ठेवते. टाकीत लहानसं रान आहे, मीच लावलेलं: मागे उंच पात्यांची झाडं, पुढे लाकडाच्या ओंडक्यावर शेवाळासारखं हिरवंगार मॉस. त्यात माझे पफर मासे राहतात. आकाराने वाटाण्याएवढे, हिरवट पिवळे, अंगावर काळे ठिपके आणि डोळे असे की एक तुमच्याकडे बघतो तेव्हा दुसरा भलतीकडे. त्यातल्या एका नराने मॉसचा कोपरा बळकावलाय. कुणी जवळ आलं की अंगावर धावून जातो. त्याला मी फौजदार म्हणतो. काचेला नाक लावून तो माझ्याकडे बघत बसतो. घरी येणारे लोक आताशा माझ्याशी बोलताना बायकोकडे बघतात. हा एकटा माझ्याकडे बघतो.

या पफर लोकांचे नखरे फार. कोरडं खाणं तोंडातसुद्धा धरत नाहीत. त्यांना जिवंत गोगलगायी लागतात, मसुराएवढ्या. कवच फोडून फोडून सतत वाढणारे दात झिजवायचे असतात त्यांना. म्हणून खिडकीत एका बरणीत मी गोगलगायी वाढवत होतो. हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बायकोला त्यांची किळस. त्या बरणीत झाडांची रोपं आहेत, एवढंच तिला माहीत होतं. सांगू कधीतरी, म्हणत राहिलो.

मी दवाखान्यातून आलो तेव्हा ती त्यांना डब्यातलं कोरडं खाणं घालत होती, मनापासून, चिमूट चिमूट. ते खाली जाऊन कुजत होतं. फौजदाराचं पोट खपाटीला गेलं होतं. मी डाव्या हाताने खिडकीकडे दाखवलं तर तिने खिडकी उघडली. पुन्हा दाखवलं तर बंद केली. अरे देवा, म्हटलं मनात, हिला नाही तर निदान मला तरी अक्कल दे.

मग एकदा खिडकी पुसताना तिने ती बरणी उचलली आणि आतला प्रकार बघून ओरडलीच. पण घरात आजारी माणूस असताना हाताने जीव मारायला तिचं मन घेईना. म्हणून तिने आख्खी बरणी टाकीत रिकामी केली. काय सांगू! मेजवानी झाली. फौजदार एकेक गोगलगाय हेरून, थांबून, नेम धरून टिपत होता. मी हसलो, आणि ते हसू माझं स्वतःचं होतं.

पण गोगलगायी भरमसाट होत्या. काचेवर, पानांवर, जिकडे तिकडे त्याच. बायको रोज बघायची आणि शहारायची. आणि एका दुपारी तिने नको ते बघितलं. फौजदाराच्या तोंडात गोगलगाय अडकली होती आणि तो तिला झटकत होता. जेवत होता तो, नेहमीसारखा. हिला वाटलं, गोगलगायच त्याला धरून बसलीय. "गोगलगाय अन् पोटात पाय," ती म्हणाली, "तुमच्या लेकरांना खातायत हो या!" आणि भावाला फोन लावला.

माझा मेव्हणा वायरमन आहे. वायरिंग सोडून जगातलं सगळं त्याला कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गोगलगायी मारायच्या औषधाची निळी बाटली घेऊनच आला. पफर आणले तेव्हा दुकानदाराने मला बजावलं होतं: यांच्या अंगावर खवले नसतात, ते औषध पडलं की गोगलगायींबरोबर हेही गेले. मेव्हण्याने दुकानात विचारलं होतं की मासे वाचतील ना. कुठले मासे, ते त्याने सांगितलं नाही.

त्याने झाकण उघडलं. मी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवला. तो म्हणाला, दाजींना घाई झालीय बघ. पाय आपटला. तोंडातून नुसता घरघराट. आणि डोळे वाहायला लागले, नेहमीसारखेच. बायकोने बाहीने गाल पुसले आणि भावाला डॉक्टरांचं म्हणणं ऐकवलं. मग मी सगळा जीव एकवटून रडं दाबलं. वाटलं, चेहरा कोरडा राहिला तर निदान हाताकडे तरी बघतील. रडं थांबलं, आणि फुटलं ते हसू. खदखदून, थांबता थांबेना.

"बघ," बायको म्हणाली, "किती दिवसांनी खूश झालेत."

बाटली टाकीत रिकामी झाली.

संध्याकाळपर्यंत गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. पफर काळपट पडले आणि एकेक करून तळाशी जाऊन कलंडले. फौजदार मॉसच्या कोपऱ्यात राहिला, शेवटपर्यंत कोपरा सोडला नाही त्याने. त्याचा एक डोळा माझ्याकडे होता. मेव्हणा केव्हाच घरी गेला होता.

बायको टाकीसमोर उभी राहिली ती राहिलीच. मग माझ्या खुर्चीपाशी खाली बसली. तिने माझा डावा हात हातात घेतला, दांडा बडवून लाल झालेला, आणि तो उलटसुलट करून बघितला.

"अहो," ती हळू म्हणाली, "सकाळी तुम्ही आम्हाला थांबवत होतात का?"

तिचा चेहरा मला बघवेना. मला फक्त नाही म्हणायचं होतं. नाही गं, ते आपलं नेहमीचंच, तुझं काही चुकलं नाही. उभा जन्म बाजारात खोटं पुकारलं, आज बायकोसाठी एकच हवं होतं. मी तोंड उघडलं. ओठ वाकडे झाले, घरघर झाली आणि डोळे वाहायला लागले.

या वेळी तिने ते पुसले नाहीत.