पहिल्या फेरीचा मासा

थंडीच्या दिवसांत बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचे शब्द इकडचे तिकडे झाले. हातपाय बऱ्यापैकी सुटले, चालता येऊ लागलं. पण चहा हवा असला की ते "चष्मा दे" म्हणायचे, चमच्याला उशी म्हणायचे, आईला डॉक्टर आणि मला काका. विचार शाबूत आहेत, फक्त तोंडातून भलताच शब्द निघतो आणि तो त्यांना स्वतःला बरोबरच वाटतो, असं खऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. पहिले काही दिवस आम्ही हसलो. मग आईने हसणं बंद केलं, आणि मग मीही.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. त्यामुळे बाबांनी चष्मा मागितला की माझी तर आणखीच पंचाईत व्हायची.

थंडी सरली, पाणी कोमट झालं. या दिवसांत मोठे मासे अंडी घालायला काठाजवळच्या उथळ पाण्यात येतात, आणि बाबा आपली छोटी होडी बाहेर काढतात. जन्मभर त्यांनी मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. गळ टाकून बसणं हा त्यांचा स्वतःचा शौक, आणि त्यात त्यांना सोबत कुणाचीच चालत नसे. एका रविवारी सकाळी ते बूट चढवून दारात उभे राहिले.

"काका, कपाट."

"कपाटातलं काय हवंय, बाबा?"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि दोरी ओढल्यासारखं करून दाखवलं.

"अगं, होडी म्हणतायत ते!" आई आतून ओरडली. "जा बाई घेऊन. नाहीतर घर डोक्यावर घेतील."

इंजिन चालवायला मला बाबांनीच शिकवलं होतं, पण ते मासे कुठे धरतात हे मला ठाऊक नव्हतं. बंदराची भिंत मागे पडल्यावर मी विचारलं, "कुठे घेऊ?"

"डावीकडे."

मी डावीकडे वळवली. त्यांनी फळीवर मूठ आपटली. "डावीकडे!" मी उजवीकडे वळवली, तसे ते निवांत मागे टेकले. आता कळलं, असं मला वाटलं. थोड्या वेळाने ते पुन्हा "डावीकडे" म्हणाले, म्हणून मी हुशारीने उजवीकडे वळवली, तर ते इतके संतापले की होडी डुलायला लागली. या वेळी त्यांना डावीकडेच जायचं होतं. शेवटी मी ऐकणं सोडलं आणि त्यांच्या नजरेकडे बघत सुकाणू धरलं.

तेलाच्या टाक्या ओलांडल्यावर काळ्या खडकांमध्ये एक लहानसा आडोसा लागला. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळातली वाळू दिसत होती. किनाऱ्याला सिमेंटचा झिजलेला धक्का आणि त्यामागे निळ्या पत्र्याचं एक घर. बाबांनी नांगर टाकायची खूण केली. उजवा हात अजून कच्चा होता, म्हणून गळाला कोळंबी मी लावली आणि दोरी त्यांनी डाव्या हातात धरली. दहा मिनिटांत दोरी ताणली. दोघांनी मिळून ओढली, तर हातभर लांबीची लालभडक तांबोशी वर आली. मला इतका आनंद झाला की मी लगेच दुसरी कोळंबी काढली. पण बाबा दोरी गुंडाळायला लागले होते.

"एवढ्यात? आत्ता कुठे मासे लागायला लागलेत!"

त्यांनी धक्क्याकडे बोट दाखवलं.

तिथे साठीच्या पुढची एक बाई उभी होती. केस आखूड कापलेले, हातात जाळं विणायची सुई. मी नांगर उचलून होडी धक्क्याकडे नेली, तर ती टेकायच्या आतच बाईने हाक मारली, "मिस्त्री! या वर्षी उशीर केलात. मला वाटलं…" आणि ती थांबली. बाबांचा वाकडा झालेला ओठ तिला दिसला असावा.

बाबांनी मासा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "घ्या. खिडकी."

बाई आधी हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला झटक्याचं सांगितलं, तशी ती मासा मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसली. बाबांनी तिच्याकडे बोट केलं आणि मला अगदी स्वच्छ सांगितलं, "बहीण."

बाबांना बहीण नाही. निदान मला तरी माहीत नाही. पण जो माणूस मला काका म्हणतो, त्याच्या "बहीण"चा अर्थ काय धरायचा?

"तुम्ही त्यांच्या कोण?" माझ्या तोंडून जरा फटकन निघून गेलं.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "माझा नवरा बोट चालवायचा. मिस्त्री त्याच बोटीवर इंजिन बघायचे. एकवीस वर्षं झाली, बोट उलटली तेव्हा दोघेही पाण्यात होते. मिस्त्री पोहत आले. हे नाही आले. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या फेरीचा मासा मिस्त्री इथे आणून देतात. चहा घेतात आणि जातात. बोलणं असं फारसं होत नाही."

बोट उलटल्याचं मला आठवत होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, आणि बाबा आठवडाभर तापाने पडून होते. पण कुणी बुडालं होतं, हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. आणि पहिल्या फेरीहून बाबा दर वर्षी रिकाम्या हाताने परत यायचे. "आज काही लागलं नाही," म्हणायचे. पहिल्या दिवशी समुद्र बाबांना ओळखत नाही, असं म्हणून आम्ही त्यांची टर उडवायचो.

"घरी का नाही सांगितलं त्यांनी?"

"ते मला काय माहीत? मी तर समजत होते की तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

तिने चहा आणला. एक घोट घेऊन बाबा म्हणाले, "चष्मा छान." तिने काहीही न विचारता कप पुन्हा भरला.

परतताना मी इंजिन बंद केलं आणि होडी तशीच तरंगू दिली. "बाबा, आमच्यापासून का लपवलंत?"

"मी आधी," ते म्हणाले.

"आधी काय? तुम्ही आधी पोहत निघालात? त्यांना सोडून?"

"मी आधी!"

"की आधी सांगणार होतात आणि राहून गेलं?"

"आधी! आधी! साबण, आधी!" त्यांचे डोळे भरून आले. रडू अपराधाचं होतं, की शब्द सापडत नव्हता म्हणून, तेही मला कळेना. मी त्यांचा गार पडलेला हात चोळत बसले. "आधी" हा शब्द तरी खरा होता का?

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती बुडालेल्या माणसाला ओळखत होती. माशाचं मात्र तिला माहीत नव्हतं. ती एकदम हसली, आणि मग बराच वेळ सिंककडे तोंड करून नुसतीच उभी राहिली. नळ चालू होता, भांडं एकही नव्हतं.

"रागावलीस?"

"रागावू तरी कशावर? मासा दिला म्हणून? नाही सांगितलं म्हणून?" तिने नळ बंद केला. "मला काही सुचतच नाहीये गं. त्या बाईची तब्येत बरी आहे ना?"

"बरी वाटली."

"बरं," आई म्हणाली आणि कांदा चिरायला घेतला.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा दारात उभे. या वेळी त्यांनी नजरेने होडी अगदी उलट्या दिशेला नेली, एका मोकळ्या, उघड्या पाण्यात. तिथे घर नव्हतं, धक्का नव्हता, होता तो फक्त वाळूचा एक लांबच लांब पट्टा. मासे भराभर लागत होते आणि बाबा लहान मुलासारखे खूश होते. मी मात्र कोळंबी लावता लावता सारखी मान वळवून किनाऱ्याकडे बघत होते, आता कोण येतं म्हणून. दुपारपर्यंत कुणीही आलं नाही.

"काका," बाबा वैतागून म्हणाले आणि माझ्या हातातल्या रिकाम्या गळाकडे बोट दाखवलं.

मी कोळंबी लावली.